पीएफ कमी पडला

मे महिन्यातली दुपार. शेडच्या कोपऱ्यातल्या केबिनमधून मी अकाउंटंटला फोनवर सांगत होतो, "पीएफ फारच कमी पडलाय हो!" तीस माग चालू असताना ओरडल्याशिवाय बोलता येत नाही, आणि ओरडलं की अर्धं वाक्य शेडभर होतं. चहाच्या सुट्टीला जॉबरमामा, म्हणजे माग आणि कामगार सांभाळणारे मुकादम, दारात हजर. मागे चार-पाच कामगार.

"मालक, पीएफ कमी पडलाय म्हणं? कुणाकुणाचा?"

सोलापुरात यंत्रमागाच्या कारखान्यात हा शब्द जपून वापरायचा असतो. मी वीजबिल त्यांच्यापुढे धरलं आणि ०.६८ या आकड्यावर बोट ठेवलं. "हा पीएफ. पॉवर फॅक्टर. तुमचा नाही, मोटारींचा." मामांनी बिल उलटसुलट करून पाहिलं. "मोटारींना पण कापून घेतात होय?" म्हणाले आणि हसत गेले. मला काही हसू आलं नाही, कारण कापून घेत होतेच, आणि किती महिने ते मला माहीत नव्हतं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. माग वडिलांच्या काळातले, धोट्याचेच. जॅकार्ड नंतर बसवले. जोडीला डबलिंग, वार्पिंग, शिलाईची यंत्रं. सूत, मजुरी, रंगाईचा खर्च मला तोंडपाठ असतो. वीजबिलाचं मात्र आम्ही फक्त शेवटचा आकडा बघायचो. पूर्वी पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतला खऱ्या कामाचा हिस्सा, ०.९० च्या खाली गेला की दंडाची वेगळी ओळ बिलात यायची, ती डोळ्यात खुपायची. १ एप्रिल २०२० पासून वीस किलोवॅटच्या वरच्या, म्हणजे आमच्या भाषेत २७ एचपीच्या वरच्या ग्राहकांना केव्हीएएचवर, म्हणजे नुसत्या खऱ्या कामावर नाही तर लाइनीतून एकूण ओढलेल्या विजेवर, बिल सुरू झालं आणि दंडाची ओळ गेली. मी समजलो, दंड संपला. प्रत्यक्षात तो युनिटांमध्येच मिसळला होता. मोटारींनी खरं काम केलं ९,००० किलोवॅट-तासांचं, बिल मात्र १३,२०० युनिटांचं. मधली ४,२०० युनिटं दर महिन्याला जात होती आणि बिलात त्यांचं नावसुद्धा नव्हतं.

मी चाचांना बोलावलं. चाचा आमच्या भागातले जुने वायरमन. अर्ध्या एमआयडीसीची वायरिंग त्यांच्या हाताखालून गेलेली. त्यांनी आल्या आल्या मीटरकडे न बघता मीटरपासून पॅनेलपर्यंतच्या केबलवर तळहात ठेवला आणि लगेच उचलला. "ही केबल कधीपास्नं तापायलीय?"

"उन्हाळा आहे ना चाचा."

"उन्हाळा पत्र्याला, केबलला नाही." त्यांनी क्लॅम्प मीटर लावला. ७४ अँपिअर. मग मीटरची पानं एकेक करून पुढे सरकवली. त्या वेळचा खरा लोड ३६ किलोवॅट. "३६ ला ५१-५२ अँपिअर बास झाले असते. वरचे बावीस-तेवीस फुकट फिरायलेत."

फुकट फिरतात म्हणजे काय, हे समजायला मला आठवडा लागला. पहिल्यांदा मनात आला तो कांडी संपलेला धोटा. इकडून तिकडे जातो, आवाज करतो, झीज करतो, कापड मात्र विणत नाही. चाचांनी मान हलवली. रिकामा धोटा चालवायची गरजच नसते, पण मोटारीला हा करंट लागतोच. लोखंडात चुंबकत्व तयार झाल्याशिवाय मोटर फिरणार कशी? त्यासाठी ती लाइनकडून ऊर्जा घेते आणि सेकंदाच्या शंभराव्या भागात परत करते. हातउसन्यासारखं. शेजारणीकडून वाटीभर साखर आणायची, लगेच परत द्यायची, पुन्हा आणायची. साखर खर्च होत नाही, पण सारखी ये-जा चालू राहते आणि बोळ मात्र माणसांनी भरलेला. आमची केबल हाच तो बोळ.

आणि बोळ भरला की तापतो. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते, हे मी बारावीत शिकलो होतो आणि परीक्षेनंतर विसरलो होतो. ७४ च्या जागी ५१ झाले, तर करंट जवळपास एक-तृतीयांशाने कमी होतो, केबलमधली उष्णता मात्र निम्म्याहून खाली येते. मागच्या दोन वर्षांत मेन फ्यूज किती वेळा गेला, पॅनेलमधलं एक लग (केबलच्या टोकाची जोडणी) कसं काळं पडलं, शेवटच्या रांगेतल्या मागांना दुपारी ३८० च्या आसपास व्होल्टेज कसं मिळायचं, त्या रांगेतल्याच मोटारी का जळायच्या, हे सगळं एकेक करून आठवायला लागलं. या प्रत्येक गोष्टीसाठी मी आजवर वीज कंपनीला शिव्या घातल्या होत्या. काही शिव्या रास्तही असतील, पण बऱ्याचशा माझ्याच शेडच्या नावावर जमा व्हायला हव्या होत्या.

नुकसान माझं एकट्याचंच होत असेल असंही नाही. आमच्या बोळातला ट्रान्सफॉर्मर २०० केव्हीएचा, म्हणजे खरं काम आणि हातउसनं मिळून तेवढंच पेलणारा. पॉवर फॅक्टर ०.७० असेल तर तो भरून वाहतो, तरी लोकांना १४० किलोवॅटच देऊ शकतो. ०.९५ असेल तर तोच १९० देतो. म्हणजे पलीकडच्या शेजाऱ्याला नवा माग टाकायला लोड मिळत नाही, याला थोडा हातभार माझाही. ही साखळी मागे पार वीजकेंद्रापर्यंत जाते. दक्षिण सोलापुरात फताटेवाडीजवळ एनटीपीसीचे ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत. अशा संचाच्या जनित्रालाही करंटची मर्यादा असतेच. हातउसनं जितकं जास्त, तितकी खऱ्या कामाला जागा कमी.

आता मोटारींचं. आमच्या मागांना दोन एचपीची मोटर असायला हवी. चाचा आणि मामांनी मिळून पाट्या तपासल्या, तर नऊ मागांवर तीन एचपीच्या निघाल्या. जळाली की रिवाइंडिंगवाल्याकडे जी तयार असेल ती बसवायची, "ताकद जास्त, त्रास कमी" हे आमचं शास्त्र. पण मोटर मोठी असो वा लहान, तिचा चुंबकत्वाचा करंट कामावर अवलंबून नसतो. पूर्ण लोडवर ०.८०-०.८५ देणारी मोटर अर्ध्यामुर्ध्या लोडवर बरीच खाली घसरते, आणि मोकळी फिरत असली तर ०.३० च्याही खाली. आमच्याकडे सूत तुटलं की माग थांबतो, कामगार गाठ मारतो, मोटर मात्र फिरत राहते. तीस मागांत कुठे ना कुठे सूत तुटलेलंच असतं. त्यात कितीतरी वेळा रिवाइंड झालेल्या मोटारी. कुणी वेढे कमी टाकलेले, कुणी बेअरिंगचं घर झिजल्यावर रोटर घासू नये म्हणून तासून घेतलेला. रोटर आणि स्टेटरमधली फट वाढली की चुंबकत्वाला आणखी करंट लागतो. मोटर तीच, एचपी तेवढाच, हातउसनं दुप्पट. वरून तांब्याच्या चोकच्या जुन्या ट्यूबलाइटी, त्यांचाही पॉवर फॅक्टर ०.५० च्या आसपास.

उपाय सगळ्यांना माहीत आहे: कंडेन्सर. कॅपॅसिटर म्हणा. हातउसनं देणारी शेजारीण घरातच आणून ठेवायची, म्हणजे बोळात जायला नको. चाचा म्हणाले, ऑटोमॅटिक पॅनेल करा. मी दर विचारला आणि गप्प बसलो. त्याच आठवड्यात एक ठेकेदार आला. त्याने ३० केव्हीएआरचे (हे हातउसन्याचं माप) कंडेन्सर थेट मेनवर जोडून देतो म्हणून सांगितलं, किंमत पॅनेलच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. मी चाचांना न विचारता हो म्हटलं. इथे माझी हुशारी संपते.

सुरुवात झकास झाली. जोडल्याबरोबर क्लॅम्प मीटर ७४ वरून ५३ वर आला. मीटरवर पॉवर फॅक्टर ०.९५ च्या जवळ. मी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. पुढचं बिल आलं ते आधीच्यापेक्षा मोठं.

ठेकेदार म्हणाला, मीटर फॉल्टी. अकाउंटंट म्हणाला, तक्रार करू. चाचांना फोन करायला तोंड नव्हतं, तरी केला. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "रात्री कंडेन्सर कोण बंद करतं?"

कोणीच नाही. मागांचे स्विच मामा संध्याकाळी सहाला पाडतात. कंडेन्सरचा स्विच वेगळा, मीटरशेजारी, आणि त्याला हात लावू नका असं ठेकेदारच सांगून गेलेला.

त्या रात्री दहाला कन्ना चौकातून गाडी काढली, थर्मास घेतला आणि शेडवर जाऊन मीटरसमोर स्टूल टाकून बसलो. दिवसभर तापलेला पत्रा अजून कटकट वाजत होता. वॉचमनला वाटलं, घरी भांडण झालंय. त्याने न विचारता दुसरं स्टूल आणलं आणि माझ्याच थर्मासमधला चहा मला ओतून दिला.

शेडमध्ये एक दिवा, एक पंखा. टॉर्चच्या उजेडात मीटरचे आकडे कागदावर उतरवले. किलोवॅट-तास जवळपास जागच्या जागी. केव्हीएएच मात्र चढत होता. एकही माग चालू नाही, कुठे खट्ट नाही, आणि आकडा चढतोय. तासाभराने पुन्हा लिहिले. २६ युनिटं वाढली होती. मोटारी झोपल्यावर त्या शेजारणीकडे साखर मागायला कोणी नव्हतं, म्हणून ती स्वतःच वाटी घेऊन बोळात जात-येत होती. मोटारींमुळे व्होल्टेजच्या मागे पडणारा करंट आता कंडेन्सरमुळे पुढे गेला होता. माझं मीटर मागे पडलेलाही मोजतं आणि पुढे गेलेलाही.

तिथेच बसून हिशेब केला. कंडेन्सरमुळे दिवसाच्या दहा तासांत वाचतात दीडशे युनिटं. रात्रीच्या चौदा तासांत जातात पावणेचारशे. सुट्टीच्या दिवशी तर चोवीस तास नुसतंच जाणं. मी उठून स्विच पाडला आणि समोरच्या दोन आकड्यांकडे बघत बसलो. चढणारा आकडा थांबला. महिनाभरात केलेलं हे पहिलं शहाणपणाचं काम, आणि त्याला काही खर्च आला नाही.

वीज पारेषणात नोकरी करणाऱ्या मावसभावाला हे सांगितलं तर तो पोट धरून हसला, आणि मग म्हणाला, आमच्याकडेही रात्री हेच होतं. २०१३ सालच्या शेवटच्या दिवशी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाच्या ग्रिडशी एकाच तालात जोडलं गेलं, हे आपण सोलापूरकर छाती फुगवून सांगतो. मला हे माहीत नव्हतं की एवढी लांब लाइन कमी लोडवर असली की ती स्वतःच मोठ्या कंडेन्सरसारखी वागते आणि पलीकडच्या टोकाचं व्होल्टेज वर चढतं. म्हणून अशा लाइनींच्या टोकांना कंडेन्सरच्या उलट वागणाऱ्या गुंडाळ्या, म्हणजे रिअॅक्टर बसवतात. तिथे इंजिनिअर पहाऱ्यावर असतात. माझ्याकडे वॉचमन होता, आणि त्याला स्विचला हात लावायची मनाई होती.

मग शेवटी पॅनेल केलं. ४० केव्हीएआर, लहान-मोठे टप्पे पाडलेले. लोड वाढला की रिले (पॉवर फॅक्टरवर नजर ठेवणारं यंत्र) एकेक टप्पा आत घेतो, कमी झाला की सोडतो. गणिताने मला साडेएकतीस पुरत होते. पण कंडेन्सरवरचा आकडा ४४० व्होल्टचा असतो आणि आपल्याकडे ४१५ मिळतं, तिथे तो वर्गाच्या हिशेबाने अकरा टक्के कमी भरतो. ठेकेदाराच्या ३० मधले खरे २६-२७ च होते, ते त्या रात्री मीटरनेच सांगितलं होतं. व्होल्टेज आणखी पडलं की कंडेन्सर आणखी ढेपाळतो, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच.

पॅनेल बसलं त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत माग थांबले, तरी सगळे टप्पे आतच. रिलेवर आकडा भलताच. चाचांनी दहा मिनिटांत पकडलं: सीटी चुकीच्या जागी होती. करंट मोजणारी ती कडी कंडेन्सरच्या पुढे, मागांकडे जाणाऱ्या केबलवर अडकवलेली. तिला मागांचा करंट दिसत होता, कंडेन्सरचा दिसतच नव्हता. रिलेला वाटायचं, आपण एवढे टप्पे घातले तरी फरक का पडेना, घाला अजून. सीटी मीटरच्या बाजूला, मेन केबलवर आणली आणि रिले माणसात आला. सुट्टी झाली की टकाटक टप्पे सोडायला लागला. तो आवाज मला अजून आवडतो.

मीटरजवळ आता ५१ अँपिअर असतात, पॉवर फॅक्टर ०.९८ च्या वर. केबलवर हात ठेवून गप्पा मारता येतात. पूर्वी ५३ केव्हीएपर्यंत जाणारी मागणी ३७ वर आली. वीज कंपनीची मंजुरी ४५ केव्हीएची होती, म्हणजे वर गेलेल्या मागणीचा आकार मी भरत होतो ती वेगळीच कथा. बिल तीस टक्क्यांच्या आसपास उतरलं. पॅनेलचे पैसे किती महिन्यांत सुटले हे सांगत नाही. इतकंच, की सुरुवातीला दर ऐकून गप्प बसलो होतो त्याची लाज वाटावी इतक्या लवकर.

पण शेवटच्या रांगेचं व्होल्टेज जेमतेम चार-पाच व्होल्टने सुधारलं. मला वाटत होतं तेही आपोआप होईल. चाचा म्हणाले, शेजारीण तुम्ही दारात बसवलीत, माग आहेत परसात. दारापासून परसापर्यंतची ये-जा तेवढीच राहिली. मेन पॅनेलवरचा कंडेन्सर मीटरच्या बाजूची केबल हलकी करतो, आतल्या केबली नाही. बिलाला यामुळे फारसा फरक पडत नाही, म्हणून याबद्दल कोणी बोलत नाही. मोटारी मात्र आतल्या केबलीवरच जळतात. मग दोन टप्पे पॅनेलमधून काढून शेवटच्या दोन रांगांच्या डीबीवर (रांगेच्या वीज-वाटप पेटीवर) नेले, त्या रांगेच्या स्विचबरोबरच चालू-बंद होतील असे. वार्पिंगच्या मोठ्या मोटारीला स्वतःचा लहान कंडेन्सर दिला. तो मोटारीच्या चुंबकत्वाच्या गरजेपेक्षा थोडा कमीच ठेवायचा असतो. जास्त झाला तर स्विच पाडल्यावर मोटर फिरता फिरता स्वतःच जनित्रासारखी वागू लागते आणि व्होल्टेज उसळतं. तीन एचपीच्या मोटारी जळतील तशा बदलायच्या असं ठरलंय. नऊपैकी चार झाल्या.

शेजारच्या प्लॉटवर नवे बिनधोट्याचे रेपिअर माग आलेत, सर्व्हो मोटारी आणि ड्राइव्हचे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वेगनियंत्रकाचे. त्यांनी माझं पॅनेल बघून तसंच हवं म्हटलं, तर चाचांनीच अडवलं. ड्राइव्हमुळे करंटची लाट वेडीवाकडी होते, तिथे साधा कंडेन्सर तापून फुगतो. त्याच्याबरोबर रिअॅक्टर घ्यावा लागतो. एकाचं औषध दुसऱ्याला, असं इथे चालत नाही.

फुगण्यावरून आठवलं. आमचेही दोन डबे एप्रिलमध्ये फुगले. पॅनेल पत्र्याखाली होतं आणि सोलापूरचा एप्रिल सगळ्यांना माहीत आहे. आता पॅनेल उत्तरेच्या भिंतीला, वर पंखा. रोज संध्याकाळी मामा भिंतीवरच्या वहीत तीन आकडे लिहितात: किलोवॅट-तास, केव्हीएएच, पॉवर फॅक्टर. वहीवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, "मोटारींचा पीएफ". पॅनेलमध्ये हात घालायचा तर मेन बंद करून पाच मिनिटं थांबायचं, हेही त्यांनीच खाली लाल शाईने लिहिलं, कारण बंद कंडेन्सरमधला झटका पहिल्यांदा त्यांनीच खाल्लाय.

परवा पलीकडच्या बोळातले अण्णा आले होते. त्यांच्या हातात एका ठेकेदाराचं कोटेशन: २५ केव्हीएआर, थेट मेनवर, स्वस्तात. म्हणाले, "काय म्हणतोस, करून टाकू का?" मी कपाटातला टॉर्च काढून त्यांच्या हातात दिला आणि विचारलं, "अण्णा, रात्री शेड किती वाजता बंद करता?"